अजिंठ्याच्या जुन्या चैत्यगृहात बुद्धमूर्ती का नाही?

प्रश्न
नुकतीच अजिंठ्याची लेणी पाहून आलो. दहाव्या लेण्यातील स्तूप अगदी साधा आहे, त्यावर एकही मूर्ती कोरलेली नाही. सव्विसाव्या लेण्यात मात्र स्तूपाच्या दर्शनी बाजूसच पाय खाली सोडून बसलेला बुद्ध आहे. दोन्ही चैत्यगृहेच (स्तूप असलेली प्रार्थनागृहे) असताना हा फरक कशामुळे पडला? शिवाय पहिली बुद्धमूर्ती ग्रीक प्रभावाखाली गांधारात (आजच्या वायव्य पाकिस्तानाच्या भागात) घडली, हे मत आजही ग्राह्य धरले जाते का?

प्रतिसाद १
दहावे लेणे इसवी सनापूर्वीचे आहे, तर सव्विसावे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील. आरंभीच्या बौद्ध शिल्पांत बुद्धाचा देह दाखवीत नसत. बोधिवृक्ष, रिकामे आसन, धर्मचक्र आणि पावलांचे ठसे यांवरून त्याचे अस्तित्व ओळखायचे असे. सांचीच्या पूर्व तोरणावर सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा प्रसंग कोरला आहे. तिथे कंथक घोडा एकाच पट्टीवर पुन्हा पुन्हा येतो, त्याच्या पाठीवर कोणीही नाही, पण वर छत्र धरलेले आहे. पट्टीच्या शेवटी ते छत्र पावलांच्या ठशांवर येते आणि घोडा छत्राविना परत फिरतो. न दाखवता एवढे सांगणारे शिल्प मला तरी दुसरे आठवत नाही. याचे कारण धार्मिक निषेध होता की ही दृश्ये मुळात पवित्र स्थळांच्या पूजेचीच आहेत, यावर अभ्यासकांत अजूनही वाद आहे.

प्रतिसाद २
ग्रीक प्रभावाचे मत फ्रेंच विद्वान फूशे यांनी मांडले आणि कला-इतिहासकार आनंद कुमारस्वामी यांनी १९२७ मध्ये मथुरेच्या स्थानिक परंपरेची बाजू घेऊन त्याला सविस्तर उत्तर दिले. मला कुमारस्वामींचे म्हणणे पटते, कारण मथुरेच्या तांबड्या, ठिपकेदार वालुकाश्मातील रुंद खांद्यांचा, अंगाला चिकटलेल्या तलम वस्त्राचा बुद्ध हा सरळ परखमच्या यक्षाच्या (मथुरेजवळ सापडलेल्या जुन्या यक्षमूर्तीच्या) कुळातला आहे. गांधारच्या करड्या शिस्ट दगडातील, जाड चुण्यांच्या वस्त्रातील मूर्तीशी त्याचे फारसे नाते दिसत नाही. भिक्षू बल याने कुषाण राजा कनिष्काच्या राजवटीच्या तिसऱ्या वर्षी सारनाथला उभारलेली प्रचंड मूर्ती मथुरेच्याच दगडाची आहे आणि तिच्यावरील लेखात तिला ‘बोधिसत्त्व’ (बुद्धत्व मिळण्यापूर्वीचा) म्हटले आहे, बुद्ध नव्हे. आज बहुतेक जण दोन्ही केंद्रांत मूर्ती जवळपास एकाच काळात, आपापल्या परंपरेतून घडली असे मानतात.

प्रतिसाद ३
एक दुरुस्ती सुचवतो. दहाव्या लेण्यातील खांबांवर बुद्धाची चित्रे आहेत, परंतु ती पाचव्या शतकाच्या सुमारास नंतर रंगवलेली आहेत. त्यामुळे एकाच दालनात दोन्ही काळ पाहायला मिळतात. कार्ल्यालाही तसेच आहे: दर्शनी भिंतीवरील दंपतींची शिल्पे मूळची, त्यांच्या आसपासच्या बुद्धमूर्ती नंतर कोरलेल्या, आणि आतील स्तूप मात्र शेवटपर्यंत साधाच राहिला.