डायनॅमिनच्या स्फटिकरचनेत टोक का नाही?

प्रश्न: एमएस्सीच्या सेमिनारला डायनॅमिन-१ घेतलंय. पेशीपटलातून आत जाणाऱ्या पुटिकेची (पटलाच्या छोट्या पिशवीची) मान हा एन्झाइम जीटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून तोडतो, इथवर कळलं. पण २०११च्या त्याच्या दोन्ही स्फटिकरचनांत (स्फटिकावरून काढलेल्या रेणूच्या त्रिमितीय आकारांत) प्रोलीनबहुल टोक, म्हणजे प्रोलीन हे अमिनो आम्ल भरपूर असलेलं टोक, कापलेलं आहे. मग त्या रचनांवर विसंबायचं का?

उत्तर: खुशाल विसंबा. ते टोक लवचिक, ठरावीक घडी नसलेलं. स्फटिकात नीट बसणार कसं? त्याचं काम इतर प्रथिनांना धरायचं. खरी अडचण वेगळी होती. डायनॅमिनचे रेणू आपणहून जुळत सर्पिल बनवतात, मग स्फटिक कुठून मिळणार? म्हणून देठाच्या (रेणूच्या लांबट मधल्या) भागात अमिनो आम्लांचे बदल करून ही जुळणी रोखली. मला ही युक्ती फार आवडते! आणि देठ नीट बघा: दोन रेणूंचे देठ फुलीसारखे आडवे येतात. सेमिनारचा अर्धा वेळ त्यालाच द्या.

दुसरं उत्तर: २०१०ची जी-डोमेनची (जीटीपी धरून तोडणाऱ्या भागाची) रचनाही जोडा. तिथे दोन जी-डोमेन समोरासमोर भिडलेले दिसतात. त्यामुळेच जीटीपीचं विघटन वेग घेतं.

प्रश्नकर्ती: आभारी आहे, सर. २०११च्या रचनांत जीटीपी नव्हतं ना?

उत्तर: नव्हतं. म्हणूनच २०१० आणि २०११ची चित्रं शेजारी शेजारी दाखवा.