लांडग्यांची टोळी शिकारीसाठी की पिल्लांसाठी?

रानवाट
लांडग्यांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: मोठं सावज एकट्याला पाडता येत नाही, म्हणून ते टोळीने राहतात. मला हे उलटं वाटतं. टोळी आधी बिळापाशी जमते. शिकारीतला फायदा मागून येतो.

लांडग्यांची टोळी म्हणजे बहुतेक वेळा एक जोडपं आणि त्यांची मागच्या एक-दोन विणींतली पोरं. मादी साधारण 63 दिवसांनी विते. पिल्लं आंधळी-बहिरी जन्मतात, त्यामुळे सुरुवातीला मादी बिळापासून फारशी हलत नाही. नर शिकार करतो, मांस पोटात घालून आणतो आणि पिल्लं तोंडाशी झोंबली की ओकून भरवतो. थोरली भावंडंही हेच करतात. मांजरकुळातले बहुतेक नर पिल्लांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, इथे मात्र बाप राबतो. आफ्रिकेतलं मोठ्या कानांचं खोकड मुख्यतः वाळवीवर जगतं, म्हणजे शिकारीला सोबत लागायचा प्रश्नच नाही. तरी मादी खायला बाहेर पडली की नर तासन्‌तास बिळाची राखण करतो.

इथिओपियन लांडगा तर माझा हुकमी एक्का. बाले पर्वतातल्या उंच पठारांवर तो टोळीने राहतो, पहाटे आणि संध्याकाळी सगळे मिळून हद्दीवरून फिरतात. पण उंदीर-घुशी मारायला जो तो एकटा जातो. शिकारीसाठी टोळी असती तर याला ती कशाला हवी होती?

शंकेखोर
असहमत. तुम्ही वाळवी आणि उंदीर खाणारे निवडून घेतलेत. 15-20 किलोचा कोळसुंदा दीडशे किलोहून जड सांबर पाडतो, ते एकट्याच्या बळावर? अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1995-96 साली लांडगे परत आणून सोडले आणि नंतर त्यांच्या शिकारी वर्षानुवर्षं प्रत्यक्ष पाहून नोंदवल्या गेल्या. बायसनवर (तिथला अवाढव्य रानबैल) हल्ला करताना यशाचं प्रमाण 9 ते 13 लांडग्यांपर्यंत वाढत जातं. बायसन काही पिल्लांना सांभाळून पडत नाही.

दक्षिण अमेरिका पाहा. बुश डॉग जेमतेम 5-8 किलोचा, आखूड पायांचा, पण टोळीने शिकार करतो. त्याच खंडातला आयाळवाला लांडगा 20-25 किलोचा. त्याच्या आहारात फळं भरपूर, बाकी उंदरांसारखे छोटे जीव. नर-मादीची हद्द एक, पण दोघं फिरतात वेगवेगळे. पिल्लं त्याचीही आंधळीच जन्मतात ना? मग पिल्लांपायी टोळ्या बनत असतील तर याची टोळी कुठे गेली? खाणं बदललं की राहणं बदलतं, एवढा साधा हिशेब आहे.

रानवाट
तुम्ही अर्धीच नोंद दिलीत. त्याच यलोस्टोनमध्ये एल्क (मोठं हरीण) मारताना यश 4 लांडग्यांपर्यंत वाढतं आणि तिथेच थांबतं. पुढचे लांडगे धावतात, पण अंग राखून. लाथ खायची जोखीम दुसऱ्याची, मांस सगळ्यांचं. तरी तिथल्या ड्रुइड पीक टोळीत 2001 साली 37 लांडगे होते, आणि तिथल्या लांडग्यांचं मुख्य सावज एल्कच. 4 जणांत भागत असताना बाकीचे तिथे कशासाठी?

आयाळवाल्याचा मुद्दा चांगला आहे. पण फळं नि उंदीर विखुरलेले असतात. तिथे मोठी झालेली पोरं ठेवून घेणं परवडत नाही, एवढंच त्यातून दिसतं.

शंकेखोर
म्हणजे फिरून अन्नच आलं!

डोंगरकडा
तुम्ही दोघंही सावज पडेपर्यंतच पाहताय. खरी गोष्ट ते पडल्यावर सुरू होते. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर लांडगे मूस (सगळ्यांत थोराड हरीण) मारतात. तिथल्या अभ्यासावरून 2004 साली संशोधकांनी दाखवलं की डोमकावळे धरल्याशिवाय हिशेब जुळत नाही. जोडीने मूस मारता येतो, पण दोघांना तो संपवायला दिवस लागतात आणि तेवढ्यात डोमकावळे मोठा वाटा उचलतात. टोळी मोठी असली तर मांस पटकन पोटात जातं, आणि तेही आपल्याच पोरांच्या.

आफ्रिकी रानकुत्र्यांना तरसांची धास्ती. (तरस दिसायला कुत्र्यासारखा असला तरी श्वानकुळातला नाही, हे जाता जाता.) 1998 मधल्या एका अभ्यासात या कुत्र्यांच्या धावण्याचा खर्च मोजला. रोज साधारण साडेतीन तासांच्या शिकारीत त्यांचं भागतं. पण चौथा हिस्सा मांस चोरीला गेलं तर भरपाईसाठी 12 तास शिकार करावी लागेल. मला तर टोळी म्हणजे आधी राखणदारी वाटते.

बांधावरचा
बाकी चालू द्या, पण यात कोणी ‘अल्फा’, म्हणजे भांडून टोळीचा म्होरक्या झालेला लांडगा, आणू नका. ती कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांवरून पसरली. जंगलात पुढे चालणारे बहुधा आई-बाप असतात, एवढंच.

पाणवठा
रानवाट, ‘थोरली भावंडं मदत करतात’ हे सरसकट धरू नका. आफ्रिकेत सेरेंगेटीतल्या काळ्या पाठीच्या कोल्ह्यांमध्ये मदतनीस असले की जास्त पिल्लं जगतात, हे 1979 मध्ये प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून सगळे तेच उदाहरण देतात. पण अमेरिकेत मिनेसोटातल्या लांडग्यांवरचं 1983 चं काम पाहा. सावज मुबलक होतं तिथे मोठ्या टोळीत पिल्लं जास्त जगली. जिथे सावज घटत होतं तिथे उलट झालं, टोळी मोठी तशी पिल्लं कमी जगली. भुकेच्या वर्षी थोरला भाऊ भरवत नाही, ताटातलं उचलतो.

प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकडोनाल्ड यांची मांडणी मला म्हणून जास्त पटते. अन्न तुकड्या-तुकड्यांनी आणि बेभरवशाचं असेल तर जोडप्याला वाईट दिवसांसाठीही पुरेल एवढी हद्द धरावी लागते. मग बऱ्या दिवसांत तिथे आणखी दोघा-तिघांचं निभतं. त्यांनी काही उपयोग केलाच पाहिजे असं नाही. लाल खोकडांचे गट असेच बनतात.

शंकेखोर
पाणवठा +१. फुकट्या पोरांचा सिद्धांत मला आवडला.

रानवाट
पाणवठा, मिनेसोटाची नोंद वजनदार आहे आणि लांडग्यांपुरती मला पुरेशी अडचणीची आहे. पण आफ्रिकी रानकुत्र्यांना ती लावू नका. तिथे एकेका विणीत दहाच्या आसपास पिल्लं असतात आणि टोळी शिकारीला गेली की एखादा मोठा कुत्रा बिळाशी मागे राहतो. टोळी पाच-सहांवर आली की पेच पडतो: राखणीला एक ठेवला तर शिकारीला माणूसबळ कमी, नाही ठेवला तर पिल्लं उघडी. छोट्या टोळ्या नेमक्या इथे खचतात. आणि पिल्लं धावू लागली की सावजावर पहिला हक्क त्यांचा, मोठे बाजूला थांबतात. शिकार हाच टोळीचा पाया असता तर मारणारे आधी जेवले असते.

डोंगरकडा
‘माणूसबळ’ भारी.

शंकेखोर
पण थांबलेल्या त्या मोठ्यांनी तरसांना तोवर लांब ठेवलं, तरच पिल्लं जेवणार ना? आणि इथिओपियन लांडग्याचं शिल्लक आहे. त्याच्या टोळ्या टिकतात कारण आजूबाजूच्या सगळ्या हद्दी भरलेल्या असतात, तरुण नरांना जायला जागाच नसते. तुमचा हुकमी एक्का पाणवठ्याच्या हातात जातोय.