मदत हवी आहे : कबुतरं टाळून मुनिया-चिमण्यांना दाणे कसे द्यावेत?

कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनी वेताळ टेकडीच्या बाजूला आहे. पाऊस संपला की इकडे पक्ष्यांची नुसती चंगळ असते. टेकडीवरचं गवत पिकतं, मुनियांचे थवे उतरतात, हिवाळी पाहुणा थिरथिराही येऊन शेपटी थरथरवत बसतो. तो किडे खाणारा, दाण्यांवर येणार नाही हे माहीत आहे. फुलांतला मध पिणाऱ्या शिंजिरांसाठी हमेलियाचं फुलझाड लावलंय, त्यामुळे साखरपाण्याचा सल्ला नको.

अडचण दाण्यांची आहे. टांगत्या फीडरमध्ये बाजरी आणि राळा ठेवला, तर कबुतरांनी ताबा घेतला. फीडरभोवती जाळीचा पिंजरा केला. चिमण्या आत शिरतात, पण सांडलेल्या दाण्यांसाठी कबुतरं खाली कठड्यावर ठाण मांडतात. खाली ताटली लावली, तर ती ताटलीवरच बसू लागली. दाणे बंद करून नुसतं पाणी ठेवलं की बुलबुल आणि दयाळ येतात, मुनिया मात्र नाहीत.

घरात आईला दमा आहे, कबुतरांची विष्ठा अजिबात चालणार नाही. सोसायटी बाहेरून जाळी लावू देत नाही. टोकदार काटे मला लावायचे नाहीत.

ज्यांना पुण्यात हे जमलंय त्यांनी कृपया सांगा : दाणे सांडणारच नाहीत असा फीडर कोणता? आणि टेकडीवर गवताचं बी भरपूर असताना मुनिया बाल्कनीत येतात का, की दाणे थेट उन्हाळ्यातच सुरू करावेत?