शिक्षण मंडळाच्या सदस्याला मुदतीआधी घरी पाठवावं का? सॅन फ्रान्सिस्कोचा 2022 चा रिकॉल

वाटसरू (धागाकर्ता)
अ‍ॅलिसन कॉलिन्स, गॅब्रिएला लोपेझ आणि फाआउगा मोलिगा. 2018 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या शिक्षण मंडळावर निवडून आलेल्या या तिघांना 15 फेब्रुवारी 2022 ला मतदारांनीच मत देऊन मुदतीआधी पदावरून काढलं, यालाच तिथं रिकॉल म्हणतात. त्यात माझंही मत होतं. मी तेव्हा कामाच्या व्हिसावर होतो, पण 2016 मध्ये मंजूर झालेल्या प्रस्तावामुळे तिथं नागरिक नसलेल्या पालकालाही मंडळासाठी मत देता येतं.

माझा मुलगा 2020-21 ला सहावीत होता. मार्च 2020 ला बंद झालेली शाळा त्याच्यासाठी उघडली ती थेट ऑगस्ट 2021 ला. दीड वर्षं पोरगं स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉपसमोर! आणि जानेवारी 2021 मध्ये मंडळानं काय केलं, तर गुलामगिरी, मूळनिवासींवरचा अन्याय यांच्याशी संबंध जोडून 44 शाळांची नावं बदलायचा ठराव 6 विरुद्ध 1 मतांनी मंजूर केला. वॉशिंग्टन, लिंकन, सगळे यादीत. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या पॉल रिव्हिअरचं नाव काढताना तर त्यानं भाग घेतलेली पेनॉबस्कॉटची मोहीम मूळनिवासींची जमीन बळकावण्यासाठी होती असं नावबदलाच्या समितीनं धरलं. ती लढाई इंग्रजांविरुद्धची होती. एखाद्या इतिहासाच्या मास्तरांना विचारलं असतं तरी कळलं असतं. एप्रिलमध्ये ठराव मागं घेतला, पण लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. मला तरी रिकॉल योग्य वाटतो.

गुरुजी
वाटसरू, तुमचा राग समजतो, बाप म्हणून रास्तही आहे. पण मोलिगांचं काय? सॅन फ्रान्सिस्कोत निवडून आलेले ते पहिले पॅसिफिक बेटवासी. मंडळात सात जण. नावबदलाला सहा जणांनी हात वर केला, आणि गेले तिघेच, कारण बाकीचे नोव्हेंबर 2020 ला निवडून आले होते म्हणून त्या वेळी रिकॉलच्या नियमात बसत नव्हते. हा न्याय झाला का?

आणि पैसा पाहा. आर्थर रॉक या एका भांडवलदारानं मोहिमेला जवळपास 4 लाख डॉलर दिले. ज्या जागेसाठी एखादी शिक्षिका शाळा सांभाळून प्रचार करते, तिथं इतका पैसा ओतला गेला तर उद्या उभं कोण राहील? नोव्हेंबरमध्ये तशीही निवडणूक होतीच. नऊ महिने थांबता आलं असतं.

वाटसरू
गुरुजी, मोलिगांबद्दल मलाही वाईट वाटतं, तेवढं मान्य. पण पैशानं सगळं झालं म्हणू नका. शिवा राज आणि ऑटम लुईजेन या दोन पालकांनी मोहीम उभी केली. प्रत्येक सदस्यामागं 50 हजारांहून जास्त सह्या लागत होत्या, त्या बाजारात उभं राहून गोळा केल्या. कॉलिन्स यांच्याविरुद्ध 70 टक्क्यांहून जास्त मतं पडली. आशियाई पालक का चिडले तेही बघा: शहरातल्या नामांकित सरकारी लोवेल हायस्कूलचा, जिथं आशियाई मुलं सर्वांत जास्त, गुणवत्तेवरचा प्रवेश बंद करून सोडत आणली, आणि कॉलिन्स यांची 2016 ची आशियाई लोकांबद्दलची ट्विट्स बाहेर आली. उपाध्यक्षपद काढल्यावर त्यांनी स्वतःच्याच मंडळावर 8 कोटी 70 लाख डॉलरचा दावा ठोकला. मंडळाच्या तिजोरीत आधीच खड्डा होता!

माळरान
मी मराठवाड्यातल्या गावातून लिहितेय. आमच्याकडे थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठरावच आणता येत नाही. नंतरही तीन चतुर्थांश सदस्य हवेत, वर ग्रामसभेचं गुप्त मतदान. मला हा अडसर बरा वाटतो. नाहीतर हरलेला गट दुसऱ्या दिवशीपासून सह्या गोळा करत फिरेल.

पण शाळेचं वेगळं आहे, हेही खरं. सरपंचाचा रस्ता वर्षभर रखडला तरी पुढं होतो. सहावीचं वर्ष परत येत नाही.

गुरुजी
ताई, म्हणूनच माणूस निवडतानाच पारखायला हवा. रिकॉलनंतर महापौर लंडन ब्रीड यांनी तिघींना नेमलं. त्यातल्या अ‍ॅन ह्सू यांनी काळ्या आणि लॅटिनो मुलांच्या पालकांबद्दल जे लिहिलं त्यावर गदारोळ उठला, माफी मागावी लागली, आणि नोव्हेंबरमध्ये त्या हरल्या. लोपेझ पुन्हा उभ्या राहिल्या, त्याही हरल्या. एका वर्षात इतकी उलथापालथ. त्या काळात शाळेत कुठल्या मास्तरला धड काम करता आलं असेल?

वाटसरू
लोपेझ पुन्हा उभ्या राहिल्या याचा मात्र मला आदर वाटतो. मत त्यांना दिलं नाही. मुलगा तेव्हा आठवीत गेला होता, आणि लोवेलला गुणांवर प्रवेश पुन्हा सुरू करायचं ठरलं होतं. मी त्याला मतदान केंद्रावर सोबत नेलं होतं.