मांजराला समुद्रावर न्यावं का? आमच्या बिट्टीची दिवेआगरची सहल

आंबेमोहर:
जानेवारीत आम्ही बिट्टीला घेऊन दिवेआगरला जाऊन आलो. फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि आत्या, मावश्या, सगळ्यांनीच मला फैलावर घेतलं. मुक्या जनावराला कशाला छळता, तुमच्या हौसेपायी तिचे हाल, वगैरे. मला ते फार लागलं. तेव्हापासून विचार करते आहे, आणि माझं मत अजून तेच आहे: मांजराची तयारी असेल तर न्यावं.

बिट्टी चार वर्षांची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, करड्या पट्ट्यांची गावठी भाटी. पिल्लू असताना पार्किंगमध्ये सापडली. सहा महिन्यांची झाल्यावर हार्नेसची, म्हणजे दोरी अडकवायच्या अंगातल्या पट्ट्याची, सवय लावायला घेतली. आधी तो नुसता ताटलीशेजारी ठेवायचा, मग पाच मिनिटं अंगावर, मग जिना, मग सोसायटीची बाग. यात चार-पाच महिने गेले. तिची प्रवासाची बास्केट घरात कायम उघडी असते. दुपारची झोप त्यातच.

पुण्याहून ताम्हिणीमार्गे गेलो. त्या दिवशी तिला खोलीतच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्या उजाडल्या, किनाऱ्यावर चिटपाखरू नसताना, सुरूच्या झाडांपाशी बास्केट ठेवून दार उघडलं. दहा मिनिटं ती बाहेर आली नाही. आम्हीही ओढलं नाही. मग एक पंजा वाळूवर टेकवला, झटकला, परत आत. मग पोट जमिनीला लावून सरपटत बाहेर. तेवढ्यात हातभर अंतरावरच्या बिळातून एक खेकडा वर आला, वाळू बाहेर फेकली आणि गडप झाला. पुढची वीस मिनिटं बिट्टी त्या बिळासमोरून हलली नाही. कान पुढे, शेपटीचं फक्त टोक हलतंय. लाटांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ऊन चढायच्या आत खोलीवर परत.

एरवी ती एकाच खिडकीतून तीच कबुतरं बघत असते. तिला ती वीस मिनिटं मिळाली, यात छळ कुठे झाला?

सुपारीवाडी:
ताई, राग मानू नका. श्रीवर्धनच्या बाजूला माझं पर्यटकांना राहायला दोन खोल्यांचं घर आहे, आणि मांजर घेऊन येणाऱ्यांना मी आता नाही म्हणतो.

दोन वर्षांमागे एक जोडपं असंच पांढरा बोका घेऊन आलं होतं. हार्नेस होता, दोरी होती, सवयही होती म्हणे. संध्याकाळी किनाऱ्यावर दोन कुत्री भुंकत आली. बोका पुढे पळाला नाही, मागे सरकला. मांजर मागे सरकलं की खांदे आवळतं आणि पट्ट्यातून निसटतं. क्षणात दोरी रिकामी. वाड्यांमधून रात्रभर बॅटऱ्या घेऊन हिंडलो. ती बाई हाका मारून मारून घसा बसवून घेत होती आणि बोका ओ देत नव्हता. घाबरलेलं मांजर ओरडत नाही, अंग चोरून गप्प बसतं. तिसऱ्या रात्री विहिरीजवळच्या पंपाच्या खोपीत सापडला, घरापासून पन्नास पावलांवर. तिथे त्या बाईंची न धुतलेली चादर टाकून ठेवली होती, त्या वासावर बाहेर आला.

आमच्याकडे म्हणतात, कुत्रं माणसाचं, मांजर घराचं. दाराला, खांबाला, तुमच्या पायाला गाल घासून ते आपला वास लावून ठेवतं, तेव्हा ती जागा त्याची होते. किनाऱ्यावर गाल घासायला काय आहे? आडोसा नाही, चढायला फांदी नाही, चहूकडून उघडं. तुमची बिट्टी वीस मिनिटं हलली नाही ती खेकड्यासाठी की भीतीनं, हे तुम्हाला कसं कळलं?

आंबेमोहर:
कानांवरून कळलं, दादा. घाबरली की तिचे कान चपटे होतात, बाहुल्या मोठ्या होतात. माझ्याकडे चार वर्षं आहे ती. पण मागे सरकून निसटण्याचं मला खरंच माहीत नव्हतं. आमचा हार्नेस गळ्याला आणि पोटाला नुसते दोन पट्टे असलेला आहे.

गोठ्यातला डॉक्टर:
मग तो बदला. अंगरख्यासारखा, छातीभर कापड असलेला घ्या, आत दोन बोटं जातील इतकाच सैल. मायक्रोचिपही, म्हणजे हरवलं तर ओळख पटवणारी कातडीखालची चिप, बसवून घ्या.

माझा कल सुपारीवाडींकडे आहे, कारण थोडं वेगळं. मांजराचं अंग मुळातच ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं आणि घाम प्रामुख्याने तळव्यांनाच येतो. ते तळवे तापलेल्या वाळूवर ठेवले तर ते अंग थंड करणार कसं? कुत्रं धापा टाकतं, त्यात विशेष काही नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ताबडतोब सावली आणि दवाखाना. पण किनाऱ्यावरच्या गावात दवाखाना कुठला? सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, तिथला रोजचा अनुभव गाई-म्हशींचा. मी अशाच एका ठिकाणी काम केलंय. मांजराच्या मापाची सलाईनची सुई वेळेला हाताशी नसायची.

आवाजाचंही बघा. आपल्याला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६० हजारांच्या वर. आपण समुद्राची गाज म्हणून जे ऐकतो, त्याहून कितीतरी जास्त त्याच्या कानावर आदळत असतं.

आणि सगळ्यांनाच सांगतो, प्रवासात मांजराचं अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. एका गोळीनेही मांजर दगावतं.

कुरव:
मांजराबद्दल सगळे बोललात, किनाऱ्याबद्दल कुणी बोलणार आहे का? दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास, आंजर्ले इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. गावातली माणसं पहाटे उठून घरटी शोधतात, कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवायला अंडी कुंपणात हलवतात. त्याच दिवसांत चिखले आणि कुरव हे पक्षी हजारो मैलांवरून येऊन त्या वाळूवर विसावलेले असतात. मांजराची दोरी सुटली तर फक्त मांजर हरवत नाही. तुम्ही जानेवारीत गेला होतात, म्हणून सांगतो.

आंबेमोहर:
हे मनाला लागलं. कासवांचं कुंपण आम्ही लांबून पाहिलं होतं, पण बिट्टीशी त्याचा संबंध माझ्या डोक्यातच आला नाही. पुन्हा त्या महिन्यांत नेणार नाही. पाच तासांच्या गाडीबद्दलही माझं मन खातंय, घाटात ती दोनदा ओकली होती.

पण मांजर घराचं, हे मला अजून पटत नाही. वाडीतलं मांजर दिवसभर कौलांवर, गोठ्यात, शेजारच्या मासळीच्या टोपलीपाशी. हर्णै बंदरावर लिलावाच्या वेळी बघा, किती मांजरं निवांत बसलेली असतात! ते त्याचं घर. माझ्या बिट्टीच्या वाट्याला सातशे चौरस फूट आलेत, आणि तेही मी ठरवले म्हणून. मग दार थोडं उघडायची जबाबदारीही माझीच ना?

सुपारीवाडी:
हर्णैची मांजरं त्याच बंदरावर जन्मलेली असतात ताई, बास्केटमधून आलेली नसतात. माझं मत तेच आहे, किनाऱ्यावर नेऊ नये.

पण सातशे फुटांचं म्हणालात ते खरं आहे. माझ्या मागच्या पडवीला जाळी मारलेली आहे, बाहेर सुपारीची बाग, रात्री गाज ऐकू येते, आणि पावसाळा संपताना खेकडे पायरीपर्यंत येतात. दसऱ्यानंतर या. तिची रोजची चादर न धुता आणा, आणि दोरी गाडीतच राहू द्या.