एमपीएचला (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) अपंगत्वाचा पेपर कशाला? (उत्तर लांबलंय, माफी)

घाटावरची:
काल इथे 'साथरोगी' यांनी ठोकून दिलं : "एमपीएचच्या पोरांना डिसॅबिलिटी स्टडीज म्हणजे दोन वर्षांत आणखी एक भरताड. रोग थांबवा, अपंगत्व आपोआप कमी होईल."

मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. तुमच्या हिशेबात मी म्हणजे हुकलेला डोस. डॅली शिकवता ना, आजार, अपंगत्व आणि अकाली मृत्यू यांत गमावलेल्या वर्षांचा हिशेब? वर्ल्ड बँकेच्या १९९३ च्या अहवालापासून डोक्यावर बसलेलं माप. अपंगत्वासह काढलेलं वर्ष त्यात तोट्याच्या खात्यात. गणित खुशाल शिकवा, पण त्यावर आम्ही का चिडतो तेही कळू द्या पोरांना. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम ४७ वाचा. डॉक्टर, नर्स, आशा, अंगणवाडीताई, सगळ्यांच्या शिक्षणात हा विषय घाला म्हणतंय.

साथरोगी:
डॅली नसतं तर पाठदुखी आणि डिप्रेशनला कुणी विचारलं असतं? मृत्यूच्या आकड्यांत ते दिसतच नाहीत. आणि देशात २०११ नंतर वन्य पोलिओचा रुग्ण नाही, तो पेपर लिहून नाही, बूथवर उभं राहून.

घाटावरची:
बूथला शंभर नमस्कार. झालेल्यांचं काय? यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, सिव्हिलला गेले होते. अस्थिव्यंगाची तपासणी पहिल्या मजल्यावर. लिफ्टच्या दाराला सुतळीने बांधलेला पुठ्ठा, 'बंद आहे'. पायातलं कॅलिपर काढून बसत बसत बावीस पायऱ्या चढले. वर साहेब म्हणतात, "चढून आलात की! मग चाळीस टक्के कसे भरायचे?" सवलतींसाठी किमान तेवढं अपंगत्व कागदावर लागतं ना!

भास्कर_ठाणे:
चाळीस टक्के म्हणालात म्हणून. आमच्या ऑफिसात एकजण कर्णबधिर कोट्यातून लागलाय. मागून कुजबुजलं तरी वळतो! २०२४ मध्ये त्या प्रशिक्षणार्थी आयएएसचं प्रकरण गाजलं, विसरलात? आधी बोगस सर्टिफिकेटं थांबवा.

मुलाचीआई:
माझा मुलगाही वळतो. कानात मशीन असतं म्हणून. बेरा, ऑडिओमेट्री, कानाच्या सगळ्या तपासण्या करून झाल्यात. आता रिपोर्ट गळ्यात अडकवून फिरवू का त्याला?

भास्कर_ठाणे:
ताई, तुमच्या मुलाबद्दल बोललोच नाही. आजकाल बोलायचीच चोरी.

मुलाचीआई:
चोरी कसली? त्याला नोकरी लागली की मागून कुजबुजून बघणारे तुम्हीच.

भास्कर_ठाणे:
पर्सनल होऊ नका. खऱ्या अपंगांच्याच जागा जातात, त्यांच्यासाठीच बोलतोय.

घाटावरची:
आमच्यासाठी बोलताय हे आम्हालाच आत्ता कळलं. आभार.

निवृत्त_पर्यवेक्षिका:
भांडा, पण जरा ऐका. सर्वेक्षणाला दारात उभं राहून विचारायचे, "घरात कोणी अपंग?" उत्तर ठरलेलं : "नाही हो, देवाची कृपा." एकदा सहज विचारलं, "आजींना जिना जमतो का?" तर सून म्हणाली, "दोन वर्षं खाली उतरल्या नाहीत." आमच्या फॉर्मात त्या घरापुढे शून्य! २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९.६ लाख अपंग मोजले गेले, त्यात त्या आजी असतील का? 'अपंग' या शब्दाने विचारलं की लोक दार लावतात. जिना, ऐकू येणं, आंघोळ असं विचारलं की बोलतात. मला हे निवृत्तीच्या तोंडावर कळलं. साथरोगी, हा तर तुमचाच विषय ना?

साथरोगी:
हं. प्रश्नच चुकीचा असेल तर आकडा चुकणार, हे मान्य. स्वतंत्र पेपर तरीही नको. सर्वेक्षणाच्या विषयात दोन तास घाला हवं तर.

घाटावरची:
दोन तास! उपकार झाले. वर्ग तेवढा तळमजल्यावर घ्या.

भास्कर_ठाणे:
मूळ मुद्दा राहिलाच. बोगस सर्टिफिकेटांचं काय?