मदत हवी आहे: बाबांना फ्लॅटआयर्नला (ॲरिझोना) न्यावं का? न्यायचं तर कुठपर्यंत?

नमस्कार मंडळी,

मी फिनिक्सजवळ चँडलरला राहते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबा पुण्याहून येताहेत. बाबा ६३ वर्षांचे. राजगड-तोरणा कितीदा झाले याची मोजदाद नाही, आणि गेल्या डिसेंबरात कळसूबाईलाही जाऊन आले. मी त्यांना सुपरस्टिशन डोंगरांचा फोटो पाठवला, तेव्हापासून एकच धोशा: "तो पुढे आलेला कडा आहे ना, तिथे जायचं." तो कडा म्हणजेच फ्लॅटआयर्न.

वाट लॉस्ट डचमन स्टेट पार्कातून सुरू होते, नाव सायफन ड्रॉ. माथा ४,८६१ फूट, म्हणजे कळसूबाईपेक्षा कमी. चढाई मात्र पावणेतीन हजार फुटांच्या आसपास, पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाई चढावी जवळपास तेवढीच. जाऊन-येऊन साधारण ९ किलोमीटर. आकडे पाहिले तर बाबांना हे सहज जमायला हवं, आणि तेही मला हेच ऐकवतात.

पण मी स्वतः मे महिन्यात तिथून अर्ध्यातून परत आले आहे. सकाळी उशिरा निघालो, पाणी माणशी दोन लिटर. आपल्याकडे घाम अंगावर निथळतो, शर्ट पिळून काढावा लागतो, त्यामुळे पाणी किती गेलं ते कळतं. इथे घाम आल्याआल्या वाळतो. मला वाटत होतं की मी छान चालते आहे. टोपी काढली तर तिच्या कडेवर मिठाची पांढरी रेघ! बेसिनपर्यंत (कातळाचं गुळगुळीत खोलगट अंगण, सुरुवातीपासून साधारण ३ किलोमीटर) दीड लिटर संपलं होतं. पुढच्या नाळेत (दोन कड्यांमधल्या अरुंद घळीत) पोटऱ्यांत गोळे यायला लागले आणि मैत्रिणीने मला मागे फिरवलं. तिचे उपकार आहेत. वाटेत ना कातळात खोदलेलं टाकं, ना ताक-सरबत घेऊन बसलेल्या मावशी. सावलीसाठी झाड म्हणावं तर सग्वारो निवडुंग, त्याच्या सावलीत एक माणूसही धड मावत नाही.

बेसिनच्या वर पार्कने राखलेली वाट नाही. नाळ उभी आहे, हातापायांनी चढायची, मोठ्या धोंड्यांमध्ये घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी दगडमाती. माथ्याच्या जरा खाली दहा-बारा फुटांचा कातळटप्पा आहे असं सगळे सांगतात. मी तो पाहिलेला नाही. बाबांचा उजवा गुडघा चढताना ठीक असतो, उतरताना दुखतो. रक्तदाबाची गोळीही रोज चालू आहे.

जे स्वतः वरपर्यंत गेले आहेत त्यांनी कृपया सांगा: तो कातळटप्पा उतरताना कसा आहे? नोव्हेंबरात पाणी किती न्यावं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बेसिनमधून परत फिरलं तर त्या माणसाला काही पाहिल्याचं समाधान मिळेल का? बाबा आजवर माथ्याला पाय लावल्याशिवाय परतलेले नाहीत. त्यांना "तुम्हाला जमणार नाही" असं मला म्हणायचं नाही.

प्रतिसाद १

दोनदा गेलो आहे. कातळटप्प्याला पकड चांगली आहे, हरिहरच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला चढताना काही वाटणार नाही. उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही, तेव्हा खाली एकाने उभं राहून पाऊल दाखवावं. पण तुमच्या बाबांसाठी खरी परीक्षा तो टप्पा नाही. त्याखालचा सगळा घसारा दुखऱ्या गुडघ्यावर उतरायचा आहे, आणि तोही दमल्यावर. मला चढण्यापेक्षा उतरायला जास्त त्रास झाला. दोन काठ्या घ्या, पण नाळेत हात मोकळे हवेत, तेव्हा घडी होऊन सॅकला बांधता येतील अशा. जुने जाड हातमोजेही घ्या, तिथला खडक खरबरीत आहे.

पाणी थंडीतही माणशी चार लिटर. अर्धं संपलं की जिथे असाल तिथून परत, हा नियम घरातून निघतानाच ठरवा, वर गेल्यावर वाद नको. नुसतं पाणी पिऊ नका. मीठ पोटात गेलं नाही तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि चक्कर, मळमळ सुरू होते. खारे दाणे, क्षारांची पुडी, काहीही चालेल.

प्रतिसाद २

ताई, रक्तदाबाच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध असतं. कोरड्या हवेत ते महागात पडू शकतं. निघण्याआधी पुण्यातल्या डॉक्टरांना गोळी दाखवून विचारायला सांगा. गोळी मनाने बंद करायची नाही.

आणि एक मोठा दातांचा कंगवा खिशात ठेवा. चोया निवडुंगाचा गोळा नुसता घासून गेलात तरी कपड्याला, कातडीला चिकटतो. हाताने ओढला तर हातात रुततो. कंगव्याने उचकटून लांब उडवायचा.

प्रतिसाद ३

बेसिनचं विचारलंत म्हणून लिहिते. मी माझ्या सासूबाईंना तिथवरच नेलं होतं. ही वाट डोंगराच्या पश्चिम अंगाला आहे, त्यामुळे सकाळी बराच वेळ उन्हाआड राहते. बेसिनमध्ये बसलं की तिन्ही बाजूंना कडे आणि समोर पार फिनिक्सपर्यंतचं सपाट वाळवंट. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर मात्र जाऊ नका, तो कातळ ओला झाला की पाय ठरत नाही. परतीला ऊन तोंडावर येतं, आणि त्या दिवसांत साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणून कुठेही असलात तरी दुपारी बाराला मागे फिरा. आई येणार असतील तर त्याच पार्कात ट्रेझर लूप आहे, जेमतेम चार किलोमीटर.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांना हे तिन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बेसिनला पोचलो की गुडघा काय म्हणतो ते मी खरं सांगेन, पण विचारायचं तू." डॉक्टरांची वेळ शुक्रवारची मिळाली आहे.

एकच राहिलं: शनिवार-रविवारी पार्किंग लवकर भरतं म्हणतात, मग आम्ही मंगळवारी उजाडताना गेलो तर चालेल ना?